पत्र वाचून दाखवणारी

सकाळचं ऊन अजून कोवळं आहे, तरी फरशीवरून ते थेट डोळ्यांत येतं, म्हणून मावशीने पदर कपाळापर्यंत ओढून घेतला आहे. आम्ही उभ्या आहोत तो रस्ता लेखायोन बंदराकडून सरळ करिंथच्या चौकात चढतो. दोन्ही बाजूंना दुकानांचे गाळे आहेत, म्हणजे त्यांची जोती. समोर डोंगर, आक्रोकोरिंथ, पावणेसहाशे मीटर उंच, वर तटबंदी. डावीकडे झाडांआड पिरेनीचा झरा, सहा कमानींचा. उजवीकडे उंचवट्यावर अपोलोच्या देवळाचे सात खांब. एकेक खांब अखंड दगडाचा. मावशी खांबांकडे बघत नाही. ती गाळे बघते आहे.

"यातलं एखादं असेल का गं त्याचं?" ती विचारते.

त्याचं म्हणजे पौलाचं. तंबू शिवणाऱ्या पौलाचं. मावशीच्या पिशवीत खाकी पुठ्ठ्याचं कव्हर घातलेलं मराठी बायबल आहे आणि गेल्या चार दिवसांत तिने ते विमानात, लोकलमध्ये, हॉटेलच्या गॅलरीत, सगळीकडे उघडलं आहे. नगर जिल्ह्यातल्या शाळांमधून तिने आयुष्यभर शिकवलं. आता ती एकाहत्तरची आहे. पायात बूट, अंगावर सुती साडी, हातात काठी. काठी टेकत ती एका गाळ्याच्या उंबऱ्याशी जाते आणि आत डोकावते. आत गवत आहे आणि एक मांजर झोपलं आहे.

आमच्या मराठी बायबलात या पत्रांची नावंच अशी आहेत की ती परकी वाटत नाहीत. रोमकरांस, गलतीकरांस, इफिसकरांस, करिंथकरांस. लहानपणी मला करिंथकर हे आडनावच वाटायचं. नगरकर, संगमनेरकर, तसे कुणी करिंथकर. त्या घरात सारखी भांडणं होतात आणि कुणीतरी वडीलधारा माणूस लांबून पत्र लिहून त्यांना समजावतो, रागावतो, पुन्हा जवळ घेतो, एवढं कळायचं. आज त्यांच्या अंगणात उभं राहिल्यावर वाटतं, तेव्हा कळलं होतं ते बरोबरच होतं.

ख्रिस्तपूर्व 146 मध्ये रोमी सेनापती मुम्मियसने हे शहर उद्ध्वस्त केलं. शंभर वर्षं ते जवळजवळ ओसाड राहिलं. ख्रिस्तपूर्व 44 मध्ये ज्युलियस सीझरने ते पुन्हा वसवलं आणि राहायला पाठवले ते मुख्यतः गुलामीतून सुटलेले लोक. पौल इथे साधारण इ. स. 50 मध्ये आला तेव्हा नव्या शहराला अजून शतकही पुरं झालं नव्हतं. जुन्या घराण्यांची पाटिलकी नव्हती. दोन समुद्रांमधली चिंचोळी जमीन, दोन बंदरं, माल इकडून तिकडे, हमाल, खलाशी, कारागीर, सुटलेले गुलाम आणि न सुटलेले गुलाम. बाहेरून आलेल्यांचं शहर. रोममधून सम्राट क्लौद्याने यहुद्यांना हाकललं, तेव्हा अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं इथे आलं. धंदा तंबूंचाच. पौल त्यांच्याकडे राहिला, त्यांच्याबरोबर काम करू लागला, आणि दीड वर्ष राहिला.

"दीड वर्ष म्हणजे काय फार नाही," मावशी म्हणते. "माझी पहिली बदली झाली त्या गावात मी दोन वर्षं होते. जेमतेम पोरांची नावं पाठ झाली होती."

चौकाच्या मधोमध निळसर-पांढऱ्या दगडांचा एक उंच ओटा आहे. हे न्यायासन. इथे पौलाला गल्लियोसमोर उभं केलं होतं, अशी हकिकत प्रेषितांच्या कृत्यांत आहे. तक्रार करणारे पुढे आले, गल्लियोने हा तुमच्या धर्मातला वाद आहे म्हणून हात झटकले. हा गल्लियो म्हणजे सेनेकाचा भाऊ. तो इथे कधी अधिकारी होता हे कळलं ते डेल्फीला सापडलेल्या एका शिलालेखाच्या तुकड्यांवरून, आणि तो काळ निघतो इ. स. 51-52 च्या सुमाराचा. पौलाच्या आयुष्यातलं सगळ्यात पक्कं साल मिळतं ते त्या तुकड्यांमुळे. तो शिलालेखही मुळात पत्रच आहे. सम्राट क्लौद्याने पाठवलेलं, कायम टिकावं म्हणून दगडात कोरलेलं. ते फुटून तुकडे झालं. तंबूवाल्याने पपायरसवर काजळीच्या शाईने लिहवून घेतलेली पत्रं मात्र माणसांनी हाताने उतरवून घेतली, त्या उतरवलेल्यांवरून पुन्हा उतरवली, आणि ती मावशीच्या पिशवीत आहेत.

ओट्यापाशी शाळेची एक सहल आली आहे. मुलं टोप्या उडवतात, बाई ग्रीकमध्ये ओरडतात. मावशीचा चेहरा खुलतो. आम्ही थोडं पुढे जाऊन दगडावर सावलीला बसतो. तिच्या डब्यात बसस्टॉपजवळ घेतलेले काळे बारीक मनुके आहेत. या किनाऱ्यालगत त्यांचे मळेच मळे आहेत. ती चार मनुके माझ्या हातावर ठेवते आणि बायबल उघडते.

"तुला ठाऊक आहे का," ती म्हणते, "मी नऊ वर्षांची असल्यापासून पत्रं वाचते."

मला ठाऊक आहे, पण मी काही बोलत नाही. तिच्या वाडीत पंधराएक घरं होती. बऱ्याच घरांतले पुरुष मुंबईला, कुणी गिरणीत, कुणी गोदीत. बायकांमध्ये वाचता येणारी एकही नव्हती. मिशनच्या शाळेत जाणारी ही पोर एकटी. पोस्टमन पोस्टकार्ड नाहीतर निळं आंतर्देशीय पत्र देऊन जायचा आणि ती शाळेतून येईपर्यंत ते पत्र कणगीवर नाहीतर देवळीत ठेवलेलं असायचं. संध्याकाळी ओट्यावर सगळ्या जमायच्या.

"पत्र एकीचं असायचं, पण ऐकायला सगळी वाडी. आणि वाचणारीला आधी कळतं गं. डोळा पुढच्या ओळीवर जातो ना. एकदा एकीच्या नवऱ्याने लिहिलं होतं, पाठवलेले पैसे गेले कुठे, कुणाला दिलेस. मी तिथे अडखळले. पुढची ओळ घ्यावी का, असं मनात आलं. ती बाई म्हणाली, लिहिलंय ते वाच. मी वाचलं. सगळ्या खाली बघत होत्या. ती एकटी माझ्याकडे बघत होती."

मावशी पान उलटते. मग ती करिंथकरांचं पहिलं पत्र मोठ्याने वाचायला लागते. प्रार्थनामंदिरात वाचतात त्या सुरात नाही. ओट्यावर वाचत असेल तसं. वाक्य संपलं की थांबते, समोर बघते, जणू समोर कुणी बसलं आहे.

हे पत्र पौलाने इफिसहून लिहिलं, समुद्राच्या पलीकडून. इथून तो गेला आणि मागे मंडळीत तट पडले. कुणी म्हणे मी पौलाचा, कुणी अपुल्लोसाचा, कुणी केफाचा, कुणी थेट ख्रिस्ताचा. ही बातमी त्याच्यापर्यंत पोहोचवली ख्लोवेच्या माणसांनी, आणि पौल त्यांचं नाव सरळ लिहून टाकतो.

मावशी पुस्तकातून डोकं वर काढते. "म्हणजे वाचणाऱ्याने हे वाचलं तेव्हा सगळ्यांनी ख्लोवेच्या माणसांकडे वळून पाहिलं असणार."

मी याचा कधी विचार केला नव्हता. मी या पत्रांवर व्याख्यानं ऐकली आहेत, जाडजूड भाष्यं वाचली आहेत. पण ते वाचलं जात असताना त्या खोलीत ख्लोवेची माणसं कुठे बसली होती, भिंतीला टेकून की दाराशी, हे मनात आलं नव्हतं. आता मनातून जात नाही.

पुढे लगेच एक जागा येते. पौल रागाच्या भरात म्हणतो की तुमच्यापैकी क्रिस्प आणि गायस सोडून मी कुणाचाच बाप्तिस्मा केला नाही. मग त्याला आठवतं, हो, स्तेफनाच्या घरच्यांचाही केला. आणि मग म्हणतो, त्याखेरीज आणखी कुणाचा केला असेल तर आठवत नाही. मावशी ही ओळ दोनदा वाचते. पौल बोलत होता आणि लेखनिक लिहीत होता. मागची ओळ खोडून नीट करता आली असती. कुणी केली नाही. स्तेफन स्वतः त्या वेळी इफिसला त्याच्याजवळच होता, हे त्याच पत्राच्या शेवटी कळतं. स्तेफन, फर्तूनात आणि अखायिक, तिघे करिंथहून आले होते. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर उभं राहतं ते असं: पौल येरझाऱ्या घालत सांगतो आहे, कोपऱ्यात बसलेला स्तेफन हळूच खाकरतो.

आमच्या समोरून शाळेची रांग झऱ्याकडे जाते. एक मुलगा मावशीच्या साडीकडे बघत राहतो, ती त्याला एक मनुका देते.

ही पत्रं वाचणं सोपं नव्हतं, हेही मावशीला मी सांगते. तेव्हाच्या ग्रीक लेखनात शब्दांमध्ये जागा सोडत नसत. अक्षराला अक्षर लागून ओळ संपेपर्यंत. तयारी न करता कुणी उभं राहून वाचू शकत नसे. ती लगेच म्हणते, "मोडीसारखं." आणि खरंच, तिच्या आजोबांच्या जमिनीचे कागद मोडीत होते, शिरोरेघ आधी ओढून घेतलेली आणि शब्द तोडलेले नाहीत. मराठीतला पहिला नवा करार कॅरीने सेरामपूरला 1811 मध्ये छापला तोही मोडीतच. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं, गावच्या बायकांना कळावं म्हणून. त्या 1922 मध्ये गेल्या आणि ग्रंथ 1924 मध्ये छापून झाला. मुक्तीसदनातल्या बायकांनी त्याचे खिळे जुळवले. मावशीच्या आईला ते भाषांतर वाचता आलं नाही, पण ऐकता आलं.

ती वाचत राहते. सातव्या अध्यायाशी पुन्हा थांबते. इथे पौल म्हणतो की आता तुम्ही लिहिलेल्या गोष्टींकडे वळतो.

"त्यांनी लिहिलं होतं?"

"हो. करिंथकरांनी त्याला पत्र पाठवलं होतं."

"कुठे आहे ते?"

नाही राहिलं. त्यांनी विचारलेलं काहीच राहिलं नाही, उत्तरं तेवढी राहिली. पौलाने याआधी त्यांना आणखी एक पत्र लिहिलं होतं, तेही गेलं, आणि नंतर डोळ्यांत पाणी आणून लिहिलेल्या एका पत्राचा तो दुसऱ्या पत्रात उल्लेख करतो. शेजारच्या खोलीत कुणी फोनवर बोलत असावं आणि आपल्याला एकाच बाजूचं ऐकू यावं, तसं सगळं. लग्न करावं की करू नये, नवरा विश्वास ठेवणारा नसेल तर बायकोने काय करावं, मूर्तींपुढे ठेवलेल्या नैवेद्याचं मांस खावं का. विचारणाऱ्यांचा आवाज आपणच जुळवून घ्यायचा.

नैवेद्य. मराठी भाषांतरात हाच शब्द आहे. या शहरात मांसबाजार होता, त्याचा उल्लेख असलेल्या लॅटिन शिलालेखाचे तुकडे उत्खननात मिळाले आहेत. देवळांत बळी दिलेल्या जनावराचं मांस बाजारातही यायचं आणि मेजवान्यांतही. पौल म्हणतो, बाजारात जे विकतं ते चौकशी न करता घ्या, खा. पण शेजारी बसलेल्या कच्च्या मनाच्या भावाला त्यामुळे ठेच लागणार असेल तर मी मांसच सोडेन. मावशीला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. गावची जत्रा झाली की बकऱ्याचा वाटा घरी यायचा. देणारे शेजारी, रोजचे. परत पाठवला तर त्यांचा अपमान, घेतला तर मंडळीत कुजबुज.

"आई घ्यायची," मावशी म्हणते. "घ्यायची, पाया पडून आलेल्या बाईला आत बसवून चहा द्यायची. शिजवायची की नाही, ते मला आठवत नाही."

मग अकरावा अध्याय येतो, आणि तिचा आवाज बदलतो.

करिंथची मंडळी कुणाच्या तरी मोठ्या घरात जमायची. चर्चची इमारत ही गोष्टच तेव्हा नव्हती. रोमी घराच्या भोजनखोलीत तीन बाजूंना तीन आसनं, एकेकावर तिघे रेलून बसणार, म्हणजे नऊ माणसं. उरलेली अंगणात, उभी नाहीतर जमिनीवर. आठवड्याचा पहिला दिवस सुटीचा नव्हता, कामाचाच होता. हातावर पोट असलेले, बंदरावर ओझी वाहणारे, मालकाने सोडल्याशिवाय निघता न येणारे गुलाम, हे दिवस मावळल्यावर पोहोचायचे. तोवर ज्यांना वेळ होता ते लवकर येऊन जेवून घ्यायचे. प्रभुभोजनाला एकाला भूक आणि दुसऱ्याला नशा, असं पौल लिहितो. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही खाली बघायला लावता का, हे तो विचारतो. आणि शेवटी सांगतो ते एवढंच, की जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

मावशी वाचता वाचता थांबते. पुस्तकावर तळहात ठेवते. बराच वेळ.

तिच्या वडिलांना गावातल्या लग्नाच्या पंगतीला बोलावणं असायचं. बसायला जागा गोठ्याच्या कडेला, सगळ्यांची उठल्यावर. वाढणारा वरून टाकायचा. हे मी आईकडूनही ऐकलं आहे. मग चर्चमधलं पहिलं प्रीतिभोजन, ज्यात ते सगळ्यांच्या रांगेत बसले आणि शेजारी एक ब्राह्मणाघरचे मास्तर होते. मास्तरांनी त्यांच्या पानात भाकरी वाढली. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त स्वतःच्या मनातल्या सोवळ्याशी झालेली झटापट किती खरेपणाने सांगितली आहे. तो बदल एका रात्रीत होत नाही, ताटापाशी होतो, रोज. नगरकडच्या मंडळ्यांना करिंथकरांचं हे पत्र कुणी समजावून दिलं असेल असं मला वाटत नाही. त्यांना ते तोंडपाठ होतं, कारण ते त्यांचंच घर होतं.

"बाबा शेवटपर्यंत जेवायला उशिराच बसायचे," मावशी म्हणते. "सगळे आले का, विचारायचे. कुणी शेतात राहिलं असेल तर बसायचे नाहीत."

मग ती पदराने चष्मा पुसते आणि पुढे वाचते. शरीर एक, अवयव अनेक. प्रीतीचा अध्याय ती न बघता म्हणते. सगळ्या लग्नांत तो वाचतात, पण लग्नासाठी तो लिहिलेला नाही. खोलीत भांडून एकमेकांकडे पाठ करून बसलेल्या माणसांसाठी लिहिलेला आहे. वाजणाऱ्या पितळेचा दाखला त्यात येतो. काशा-पितळेच्या कामासाठी हे शहर तेव्हा सगळीकडे प्रसिद्ध होतं.

चौदाव्या अध्यायात, शेवटाकडे, ती जागा आहे. बायकांनी मंडळीत गप्प राहावं, काही विचारायचं असेल तर घरी नवऱ्याला विचारावं. मला ठाऊक आहे की ती जागा येते आहे. मी मांडीवरचं गवत खुडत बसते. मावशी तिच्या मंडळीत गेली चाळीस वर्षं शास्त्रवाचन करते. अडखळत नाही. तोच आवाज, तीच गती. सगळं वाचते.

"गाळायचं नसतं," ती म्हणते. "लिहिलंय ते वाचायचं. मग बोलायचं."

मग आम्ही बोलतो. मी सांगते की याच पत्रात, तीन अध्याय आधी, बायका सभेत प्रार्थना करतात आणि संदेश देतात हे पौल गृहीतच धरतो, वाद फक्त डोक्यावर पदर असावा का याचा आहे. काही जुन्या प्रतींत ही गप्प राहण्याची ओळ वेगळ्या ठिकाणी येते, आणि ती मागाहून कुणी घातली असं मानणारे अभ्यासक पुष्कळ आहेत. ती ऐकून घेते. ती वाद घालत नाही. तिला यातलं काय पटलं, मी ओळखू शकत नाही. माझं मत मात्र मी लपवत नाही: त्या ओळीने आमच्या किती आज्या-पणज्यांचा आवाज खाल्ला आहे आणि तो भरून निघालेला नाही.

संग्रहालय आम्ही भरभर बघतो, कारण मावशीचे गुडघे दुखतात. एका दगडावर इब्री लोकांच्या सभास्थानाची वेडीवाकडी ग्रीक अक्षरं. एका खोलीत मातीचे हात, पाय, कान, स्तन, डोळे. आरोग्यदेव अस्क्लेपियसला नवस फेडायला वाहिलेले. पौलाच्या चारेकशे वर्षं आधीचे आहेत, तेव्हा अवयवांच्या दाखल्याशी त्यांचा संबंध मी जोडत नाही. पण मावशी काचेशी नाक नेऊन एका लहानशा मातीच्या पायाकडे बघते आणि म्हणते, "वांद्र्याला माउंट मेरीला मेणाचे मिळतात तसेच." तो पाय एखाद्या पोराचा असावा एवढा आहे. अंगठा बाकीच्या बोटांपासून जरा सुटलेला, आणि टाचेवर घडवणाऱ्याच्या बोटाचा ठसा असावा असा एक खळगा.

बाहेर पडल्यावर, नाट्यगृहाजवळच्या फरसबंदीत, एरास्ताचं नाव कोरलेला दगड आहे. जवळजवळ वीतभर उंचीची लॅटिन अक्षरं, एकेकाळी त्यांत धातू भरलेला होता. पद मिळाल्याबद्दल एरास्ताने स्वखर्चाने ही फरशी घातली, असा मजकूर. रोमकरांच्या पत्राच्या शेवटी नगराचा खजिनदार एरास्त सलाम सांगतो. तोच हा का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मावशी नाव बोटाने हवेत गिरवते.

दुपारी टॅक्सी करून आम्ही किंख्रियाला येतो. दहाएक किलोमीटर. हे करिंथचं दुसरं बंदर, पूर्वेच्या समुद्रावरचं, इथून जहाजं इफिसला जायची. आता बंदर नाही. एक लहानसा उपसागर, गोटे, पाइनची झाडं, आणि उथळ पाण्यात बुडालेले भिंतींचे पाये. पाणी इतकं नितळ आहे की दगडांच्या ओळी किनाऱ्यावरून मोजता येतात. पुढच्या काळात इथे बांधलेल्या चर्चची अर्धगोल भिंत अर्धी पाण्यात आहे. माणसं नाहीत. एक म्हातारा गळ टाकून बसला आहे.

पौलाने इथूनच जहाज धरलं, आणि निघण्याआधी नवस होता म्हणून केस कापले. मावशीला हे फार आवडतं. "मुंडण," ती म्हणते, आणि बूट काढून पाण्यात उभी राहते.

याच गावची फीबी. पौल तिला इथल्या मंडळीची सेविका म्हणतो. मूळ ग्रीक शब्द तोच आहे जो तो स्वतःसाठी आणि अपुल्लोसासाठी वापरतो, मराठीत मात्र बाईला लावला की त्याचा आवाज धाकटा होतो. तिने पुष्कळांना, आणि मलाही, आधार दिला असं तो लिहितो. साधारण इ. स. 57 मध्ये, करिंथला गायसाच्या घरी पाहुणा असताना, त्याने रोमकरांना पत्र सांगितलं. त्या काळातली मिळालेली खासगी पत्रं बहुतेक शंभरेक शब्दांची असतात. हे सात हजारांच्या वर आहे. लिहून घेणाऱ्याचं नाव तर्तियस, आणि शेवटी तो मध्येच स्वतःचा सलाम घालतो. तर्तियस म्हणजे तिसरा. त्याच्या पाठोपाठ सलाम सांगतो क्वार्तस, म्हणजे चौथा. गुलामांना अशी नावं सर्रास असत, तिसरा, चौथा. या तिसऱ्याने लिहिलेलं पत्र फीबी घेऊन गेली, असं बहुतेक सगळे मानतात. रोमला ते तिनेच वाचून दाखवलं असं मानणारेही बरेच आहेत.

मावशी पाण्यातून बाहेर येत नाही. "दे इकडे," म्हणते. मी बायबल देते. ती सोळावा अध्याय काढते, जो रविवारी सहसा कुणी वाचत नाही, कारण त्यात सगळी नावंच आहेत. पंचवीसेक माणसं. पौल तोवर रोमला गेलेलाही नव्हता, पण एकेकाला ओळखतो. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला पुन्हा रोमला पोहोचली आहेत, त्यांच्या घरी मंडळी भरते.

किनाऱ्यावर टॅक्सीवाला हॉर्न वाजवतो. त्याला परतीचं भाडं मिळालं आहे, तो खुणेने घड्याळ दाखवतो. मी मावशीला हाक मारते.

ती बघत नाही. पायाशी पाणी, पदर वाऱ्यावर, पुस्तक डोळ्यांजवळ धरलेलं. ओट्यावरच्या आवाजात ती वाचते आहे. मरिया. यूनिया. त्रुफैना, त्रुफोसा. पर्सिस. रूफ, आणि त्याची आई. प्रत्येक नावानंतर थांबून समोर पाण्याकडे बघते, जणू जिचं नाव घेतलं तिने हूं म्हणावं. गळ टाकलेला म्हातारा मान वळवून ऐकतो आहे.

हॉर्न पुन्हा वाजतो. मावशी मोकळा हात वर करते, तळवा त्याच्याकडे, शाळेत पोरांना थांबवायची तसा, आणि पुढचं नाव घेते.